विमानाची भाषा शिकताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवशिक्यांसाठी

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात एक ड्रॉइंग आलं. हाताच्या पंजाएवढा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, आणि खाली कोपऱ्यात एक ओळ : ‘ब्रेक ऑल शार्प एजेस’. ब्रेक म्हणजे तोडणे, हे मराठी शाळेत पाचवीत पाठ केलेलं. आता एवढा महागाचा तुकडा तोडायचा कुठून? शेजारच्या मशीनवर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत वीस वर्षं काढून आलेले एक मामा होते. त्यांना विचारलं. त्यांनी ब्रॅकेट घेतला, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “धार मोडायची रे. नख अडकतंय बघ. अडकायचं बंद झालं की मोडली धार.”

धार मोडणे! विळ्याची धार मोडली, सुरीची धार मोडली, असं घरी रोज बोलतो आपण. इंग्रजीतला तो ‘ब्रेक’ आणि आपलं ‘मोडणे’ अगदी तंतोतंत जुळतं, पण शाळेतल्या ‘तोडणे’नं वाट अडवली होती. त्या दिवशी मला विमानाची भाषा शिकायची रीत सापडली. शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवायचा, वस्तू हातात घ्यायची आणि आपल्या बोलीत त्या कामाला काय म्हणतात ते शोधायचं.

हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये, म्हणजे विमानांचे भाग बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रात, ऑपरेटर किंवा इन्स्पेक्टर म्हणून लागलेले, विमान देखभालीच्या म्हणजे एएमईच्या कोर्सला निघालेले, डिप्लोमा-आयटीआय करून मुलाखतीची तयारी करणारे, सांबऱ्याला हवाई दलात प्रशिक्षणाला जाणारे, अशांसाठी हे लिहितोय. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे जमणार नाही. पण हे शब्द इंग्रजांनाही परकेच होते. फ्यूजलाज हा फ्रेंच शब्द, चातीच्या आकारावरून आलेला. एलेरॉन म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा पंख. इंजिनावरच्या आवरणाला नेसेल म्हणतात, त्याचा मूळ अर्थ छोटी होडी. शेपटीच्या सगळ्या जुळणीला एम्पेनाज म्हणतात, तो शब्द बाणाला पिसं लावण्यावरून आला. संकटात वैमानिक ‘मेडे’ म्हणतो, तेही फ्रेंचमधलं ‘मला मदत करा’. ज्यानं विमान बनवलं, उडवलं, त्यानं आपल्या घरातल्या वस्तूंची नावं त्याला दिली. मग आपणही आपल्या घरातून सुरुवात करू.

पायरी १ : चार रकान्यांची वही करा

दोनशे पानी साधी वही घ्या. पहिल्या रकान्यात शब्द, जसा ऐकला तसा देवनागरीत. दुसऱ्यात ती वस्तू कुठं असते. तिसऱ्यात ती काय काम करते, तुमच्या घरच्या बोलीत एका वाक्यात. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा : हा शब्द म्हणजे काय *नाही*. ‘ब्रेक एज’च्या पुढं माझ्या वहीत लिहिलंय, ‘तोडणे नाही, चेंफरही नाही’. कारण चेंफर म्हणजे ठरावीक कोनात, ठरावीक मापाची तासलेली कड, आणि धार मोडणं म्हणजे नुसती तीक्ष्णता घालवणं, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत. ड्रॉइंगवर मर्यादा दिलेली असते, ती पाळायची. जास्त मोडली तरी जॉब रिजेक्ट.

आणि धार का मोडायची, हेही तिसऱ्या रकान्यात लिहा. लोखंडी तार हातानं खाली-वर वाकवत राहिलं की दहा-वीस वेळांत तुटते. त्याला फटीग म्हणतात, धातूचा थकवा. विमान दर उड्डाणाला असंच वाकतं, फुगतं, सैलावतं. चीर पडायला एखादी तीक्ष्ण कड, एखादा ओरखडा पुरतो. म्हणून त्या एका ओळीवर इतका जोर.

पायरी २ : विमानाचा सांगाडा घराच्या छपरावरून शिका

खानापूर-जांबोटीकडचं कौलारू घर आठवा. तुळई, वासे, रिपा, वर कौलं. आता विमानाचा पंख आतून बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली जाड तुळई म्हणजे स्पार, पंखाचा मुख्य भार तिच्यावर. तिला आडव्या बसवलेल्या, पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या म्हणजे रिब. रिपांसारख्या लांब, बारीक पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर. आणि वरचा पत्रा म्हणजे स्किन.

इथं छपराचा दाखला संपतो, आणि कुठं संपतो ते कळणं फार गरजेचं आहे. कौलं घराचा भार पेलत नाहीत. चार कौलं काढली तरी घर उभं राहतं. विमानाची स्किन मात्र भार पेलते. म्हणून तिला स्ट्रेस्ड स्किन म्हणतात, आणि म्हणून तिच्यावरचा एक ओरखडाही मोजून नोंदवावा लागतो. शिडी टेकवताना, पाना ठेवताना ‘नुसता पत्रा तर आहे’ असं मनात येऊ देऊ नका.

धडाच्या म्हणजे फ्यूजलाजच्या आत गोल कड्या असतात, त्या फ्रेम. आडवी भिंत असते ती बल्कहेड, हा जहाजावरून आलेला शब्द. प्रवाशांच्या भागात हवा दाबून भरलेली असते, ती मागच्या बाजूला अडवणारी घुमटाकार भिंत म्हणजे प्रेशर बल्कहेड.

आपल्याकडच्या पोरांना हमखास चकवणारा शब्द म्हणजे ‘फिटिंग’. गावात फिटिंग म्हणजे लाइटची वायरिंग नाहीतर नळाचं काम. विमानाच्या ड्रॉइंगवर फिटिंग म्हणजे दोन मोठे भाग जोडणारा, भार एकीकडून दुसरीकडं नेणारा भरीव धातूचा तुकडा. हत्तरगीसारख्या ठिकाणी मशीनवर ठोकळ्यातून कोरून काढतात त्या वस्तूंमध्ये असे तुकडे असतात. त्याला भोकं पाडलेले जे कान असतात त्यांना लग म्हणतात.

पायरी ३ : हालचाली, आणि ‘स्टॉल’ नावाचा चकवा

विमान तीन तऱ्हांनी हलतं. बैलगाडी डोळ्यापुढं आणा. जू वर गेलं, मागची बाजू टेकली, की ते पिच. एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली, की रोल. गाडी जागच्या जागी डावी-उजवीकडं वळली की यॉ. पिच करते शेपटीवरची आडवी फळी, एलेव्हेटर. रोल करतात पंखाच्या टोकाकडचे एलेरॉन. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली. यॉ करतं शेपटीवरचं उभं रडर, होडीच्या सुकाणूसारखं.

बळं चार. वर उचलणारी लिफ्ट, मागं ओढणारा ड्रॅग, पुढं रेटणारा थ्रस्ट आणि वजन. उचल, ओढ, रेटा, वजन, अशी मराठीत पाठ केलीत तर परीक्षेत इंग्रजीत लिहिताना गोंधळ होत नाही. मी आजही मनात तशीच म्हणतो.

आता स्टॉल. बाइक चढावर बंद पडली की आपण म्हणतो, इंजिन स्टॉल झालं. म्हणून ‘विमान स्टॉल झालं’ ऐकलं की डोळ्यासमोर बंद पडलेलं इंजिन येतं. पण विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. इंजिन धडधडत असताना पंख स्टॉल होतो. पंखाच्या पुढच्या कडेवर येणारा वारा आणि पंख यांच्यातल्या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. हा कोन वाढत गेला की आधी उचलही वाढते. साधारण १५ अंशांच्या आसपास मात्र पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते, आणि उचल एकदम पडते. त्यावरचा उपायही मनाला उलटा वाटतो : विमान खाली पडत असताना नाक खाली दाबायचं, म्हणजे कोन कमी होतो आणि हवा पुन्हा चिकटते. चौथ्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा : *स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नाही.* मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगल्या मार्कांची मुलं इथं अडकलेली मी पाहिली आहेत.

असेच काही शब्द भराभर सांगतो. ‘गिअर’ म्हणजे बहुतेक वेळा लँडिंग गिअर, चाकांची जुळणी. ‘क्लीन’ विमान म्हणजे धुतलेलं नव्हे. चाकं आत, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला बाहेर येणाऱ्या फळ्या) आत, म्हणजे ‘क्लीन’. ‘स्नॅग’ म्हणजे नोंदवलेला बिघाड, लहान असो की मोठा. ‘एओजी’ म्हणजे एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड : बिघाडामुळं विमान जागीच अडकलंय, सुटा भाग मिळेपर्यंत हलणार नाही. हे तीन अक्षर ज्या ऑर्डरवर लिहिलेले असतात ती ऑर्डर सगळ्यांच्या पुढं जाते.

पायरी ४ : मापं आणि एककं

इथं जरा थांबून वाचा, कारण यात जीव जातात.

आपल्याकडचे जुने फिटर ‘दोन सूत’ म्हणतात, म्हणजे पाव इंच. फाउंड्रीतून आलेल्या माणसाला मिलिमीटर पुरतो. विमानाच्या भागात मायक्रॉन लागतो, मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि अमेरिकन ड्रॉइंग आलं तर ‘थाउ’, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रॉन. ‘बसतंय की’ हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं आहे. बोल्ट बसला म्हणजे झालं, ही जुनी सवय. ती कुठवर नेते ते ऐका.

१० जून १९९० रोजी इंग्लंडमधून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची वैमानिकासमोरची काच सुमारे १७ हजार फुटांवर उडून गेली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी ती काच नवीन बसवली होती. बोल्ट होते ९०. देखभाल करणाऱ्यानं पार्ट कॅटलॉग न बघता, जुना बोल्ट हातात धरून त्यासारखे दिसणारे निवडले. त्यातले ८४ बोल्ट ‘ए२११-८सी’ निघाले. पाहिजे होते ‘ए२११-८डी’. एका अक्षराचा फरक. व्यासात ०.०२६ इंच कमी, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. ते बसले. आवळलेही गेले.

म्हणून पार्ट नंबर हा तुमच्यासाठी शब्दच आहे. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, बोट ठेवून.

टॉर्कचं असंच. बोल्ट किती बळानं आवळायचा ते इंच-पाउंडात दिलेलं असतं किंवा फूट-पाउंडात. फूट म्हणजे १२ इंच, म्हणून चुकलात तर १२ पटींनी चुकता. आकडा आणि एकक कधी वेगळं लिहू नका, वेगळं बोलूही नका. ‘पन्नास’ नाही, ‘पन्नास इंच-पाउंड’.

किलो आणि पाउंडाची गोष्ट २३ जुलै १९८३ ची. कॅनडात एका बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन लागणार होतं. हिशेबात लिटरचं वजन काढताना पाउंडाचा गुणक वापरला गेला आणि टाकीत गेलं साधारण २२,३०० *पाउंड*, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१ हजार फुटांवर इंधनाचे इशारे वाजू लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अवजड विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. त्या विमानाला आजही ‘गिमली ग्लायडर’ म्हणतात.

उंची-वेगाची मापं सांबऱ्यावरून शिकता येतात. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बांधलेला हा तळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर. विमानात उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. धावपट्टीवर एका टोकाला ०८ आणि दुसऱ्या टोकाला २६ असा आकडा असतो. ते नंबर मनाला येतील तसे दिलेले नसतात. होकायंत्रावर ती दिशा सुमारे ८० अंश, शेवटचं शून्य काढलं की ०८. उलट दिशेनं २६० अंश, म्हणून २६. दोन टोकांत नेहमी १८ चा फरक, कारण उलटं वळणं म्हणजे १८० अंश. विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरतं आणि उडतं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, म्हणून त्या दिवसांत सहसा २६ वापरात असते, बेळगाव शहराकडं तोंड करून. पुढच्या वेळी मुतग्याच्या बाजूनं जाताना थांबून बघा, विमान कुठल्या बाजूनं येतंय.

याच सांबऱ्यावर क्यूएनएच आणि क्यूएफई हे दोन शब्द कायमचे समजतात. विमानातलं उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतं. त्यावर क्यूएनएच लावला आणि विमान सांबऱ्याला जमिनीवर उभं असलं, तर काटा सुमारे २,५०० फूट दाखवतो, समुद्रापासूनची उंची. क्यूएफई लावला तर तिथंच काटा शून्यावर. काटा तोच, विमान तिथंच, फरक फक्त शून्य कुठून मोजायचा याचा.

पायरी ५ : आद्याक्षरं टोळीनं शिका

एएमएम, आयपीसी, एसआरएम, एमईएल, एसबी, एडी. पहिल्या महिन्यात हा पाऊस अंगावर येतो. सुटी सुटी पाठ करू नका. एका स्नॅगच्या मागे मागे जा, सगळी भेटतात.

समजा चाकाच्या जुळणीतून तेल गळतंय. वैमानिकानं टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, नोंद केली. इंजिनिअर आधी बघतो, हा दोष घेऊन विमान उडवता येतं का. ते लिहिलेलं असतं मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये, म्हणजे एमईएल. नाही म्हणून कळलं. मग सुटा भाग ओळखायला आयपीसी, म्हणजे चित्रांसह पार्टची यादी. काढायचा-बसवायचा कसा, ते एएमएम, देखभालीचं पुस्तक. काढताना पत्र्याला चीर दिसली तर एसआरएम, सांगाड्याच्या दुरुस्तीचं पुस्तक. आणि या भागाबद्दल कंपनीनं आधी काही सूचना दिली होती का? ती एसबी, सर्व्हिस बुलेटिन. तीच सूचना सरकारी नियामकानं सक्तीची केली की होते एडी, एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह. एडीला ‘नंतर बघू’ चालत नाही, मुदतीत करावीच लागते.

या सगळ्या पुस्तकांना प्रकरणांचे ठरलेले नंबर आहेत, त्यांना एटीए चॅप्टर म्हणतात. कंपनी कुठलीही असो, २७ म्हणजे फ्लाइट कंट्रोल, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ५२ दारं, ५३ फ्यूजलाज, ५७ पंख, ७२ इंजिन. माझा सल्ला, वहीचे भागही याच नंबरांनी पाडा. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरवर काम केलेल्यांनी २९ पासून सुरुवात करावी, कारण सील, पिस्टन, पंप, ॲक्युम्युलेटर हे शब्द त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. दाब मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच प्रवासी विमानांत ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३,००० पाउंड.

एक सावधगिरी. तीच अक्षरं दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतात. कारखान्यात सीएमएम म्हणजे माप घेणारं मशीन, ग्रॅनाइटच्या टेबलावर लाल टोकाची सुई भागाला टेकवत जाणारं. विमानांची देखभाल होते त्या हँगरमध्ये सीएमएम म्हणजे सुट्या भागाच्या दुरुस्तीचं पुस्तक. माझी एक सहकारी कारखान्यातून देखभालीकडं गेली, तिला पहिल्या आठवड्यात ‘सीएमएम आण’ म्हणून सांगितलं आणि ती मोजमापाच्या खोलीचा पत्ता विचारत राहिली. तिची चूक नव्हती. सांगणाऱ्यानं पूर्ण नाव घ्यायला हवं होतं.

पायरी ६ : क्रियापदं. इथं घाई करू नका

नामं लवकर येतात, कारण वस्तू दिसते. क्रियापदांत खरा धोका असतो. मराठीत आपण सगळ्यालाच ‘चेक कर’ म्हणतो. देखभालीच्या भाषेत ऑपरेशनल चेक म्हणजे चालतंय की नाही एवढंच बघणं, मापन नाही. बटण दाबलं, दिवा लागला, झालं. फंक्शनल चेक म्हणजे मोजून बघणं : दाब किती आला, वेळ किती लागला, मर्यादेत आहे का. इन्स्पेक्शनमध्येही जनरल व्हिज्युअल म्हणजे हाताच्या अंतरावरून नजर टाकणं, आणि डिटेल्ड म्हणजे चांगला उजेड, गरज पडली तर आरसा-भिंग घेऊन कसून बघणं. कामाच्या कार्डावर फंक्शनल लिहिलेलं असताना तुम्ही ऑपरेशनल केलंत आणि सही केलीत, तर न केलेल्या कामाखाली तुमची सही गेली.

पुस्तकातल्या चौकटीही तशाच. ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला इजा होऊ शकते. ‘कॉशन’ म्हणजे यंत्राचं नुकसान होऊ शकतं. ‘नोट’ म्हणजे नुसती माहिती. मराठीत तिन्हीला ‘सूचना’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. म्हणून मी स्वतः वॉर्निंगला ‘जीव’, कॉशनला ‘वस्तू’ म्हणतो.

मराठीतून आलेल्यांना दिलासा देणारी एक गोष्ट इथंच सांगतो. ही पुस्तकं मुद्दाम सोप्या, बांधलेल्या इंग्रजीत लिहितात. तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. तिचा नियम, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे. ‘जवळ’ या अर्थानं तो वापरायचा नाही. ‘फॉलो’ म्हणजे नंतर येणे, ‘पाळणे’ नव्हे. वाक्यं छोटी, आज्ञार्थी. कादंबरीचं इंग्रजी न येणाऱ्यालाही ही पुस्तकं वाचता यावीत म्हणूनच ती अशी केली आहेत. थोडक्यात, तुमच्यासाठीच.

पायरी ७ : तोंडी बोलणं

बी, डी, पी, टी ही अक्षरं मशीनच्या आवाजात सारखीच ऐकू येतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. अल्फापासून झुलूपर्यंत २६ शब्द एका आठवड्यात पाठ करा. रोज येता-जाता गाड्यांच्या नंबर प्लेट वाचा, बेळगावच्या ‘केए २२’ ला ‘किलो अल्फा टू टू’, कोल्हापूरच्या ‘एमएच ०९’ ला ‘माइक हॉटेल झीरो नाइनर’. नऊला नाइनर म्हणतात, म्हणजे पाचाशी गफलत होत नाही.

‘रॉजर’चा अर्थ ‘हो’ नाही. फक्त ‘तुमचं बोलणं पोचलं’. ‘तसं करतो’ म्हणायला विल्को. ‘हो’साठी अफर्म. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाचा वैमानिक परवानगी मिळण्याआधीच धावू लागला होता. ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं मोघम वाक्य रेडिओवर गेलं, टॉवरकडून आधी ‘ओके’ आलं आणि पुढचे शब्द दोन आवाज एकमेकांवर आल्यानं दबले. त्यानंतर नियम आला : ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडं ‘डिपार्चर’. एक शब्द राखून ठेवला गेला, तो इतक्या माणसांच्या जिवाच्या किमतीवर.

तुम्ही रेडिओवर नसाल तरी शॉपमध्ये हीच सवय लावा. सुपरवायझरनं सांगितलेलं माप, पार्ट नंबर, बॅच नंबर परत म्हणून दाखवायचा. ‘हो सर, कळलं’ म्हणणं पुरेसं नाही. पाळी बदलताना तर नक्कीच नाही. अर्धं राहिलेलं काम तोंडी सांगून जाऊ नका, लिहून ठेवा.

पायरी ८ : परीक्षा आणि वाटा, थोडक्यात

एएमई व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. संस्था निवडताना तिला डीजीसीएची, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची, मान्यता आहे का, ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. जाहिरातीवर जाऊ नका. बी१ म्हणजे यांत्रिक बाजू, इंजिन आणि सांगाडा; बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक्स. कारखान्याकडं जायचं तर आयटीआयचे मशिनिस्ट, टर्नर, फिटर हे ट्रेड उपयोगी, आणि जोडीला जिओमेट्रिक टॉलरन्सची, म्हणजे आकार-जागा किती इकडंतिकडं चालते ते सांगणारी, चिन्हं नीट शिका. ‘डेटम’ हा शब्द आधी शिका : सगळी मापं ज्या पृष्ठापासून घ्यायची तो ठरलेला पाया. घर बांधताना गवंडी एका कोपऱ्यापासून सूत धरतो ना, तो कोपरा म्हणजे डेटम.

पायरी ९ : विचारायचं कसं

आपल्या भागात एका मशीनवर तीन भाषा असतात. ड्रॉइंग इंग्रजीत, शिफ्ट इन्चार्ज कन्नड, ऑपरेटर मराठी, कधी उलटं. याचा फायदा घ्या. मराठीत विमानतळ, कन्नडमध्ये ‘विमान निल्दाण’, म्हणजे विमान थांबण्याची जागा, बस निल्दाणासारखी. दोन भाषांतून एकच वस्तू बघितली की ती जास्त स्पष्ट दिसते. शब्द अडला आणि समोर कन्नड बोलणारे जाणते कामगार असतील, तर वही पुढं करून म्हणा, “अण्णा, ई पदद अर्थ एनु? स्वल्प तोरस्री.” या शब्दाचा अर्थ काय, जरा दाखवा. ‘सांगा’ म्हणू नका, ‘दाखवा’ म्हणा. माझ्या अनुभवात असं विचारल्यावर कुणी तोंडी अर्थ सांगितलेला नाही. रॅकपाशी नेतात, वस्तू हातात देतात, नख फिरवायला लावतात. मग तिथंच उभं राहून तिसरा आणि चौथा रकाना भरायचा.